जाड पुस्तक कोण नेतंय?

मी एक जुनी, सहाशे पानांची कादंबरी आहे. माकुणसारच्या वाचनालयात खिडकीशेजारच्या कपाटात एरवी माझा मुक्काम असतो. मित्रांनो, आताशा मला बोलायचाही कंटाळा येतो. पण एकदाचं सांगून टाकते.

छापखान्यातून आले तेव्हा काय तोरा होता माझा! सुट्टी लागली की लोक मलाच उचलत. लांबचा प्रवास आहे, पुरून उरेल असं काहीतरी द्या, म्हणत. मग मी काश्मीर पाहिलं, उज्जैन पाहिलं, सुरतेची दोन लग्नं पाहिली, तीही बॅगेच्या तळाशी, चिवड्याच्या डब्याखालून. कोणी मला उशाला घेतलं, कोणी माझ्यावर वेफर्सचे तेलकट हात पुसले. चाळिसाव्या पानापुढे मात्र एकही माणूस गेला नाही. निवडताना हौस दांडगी आणि वाचायच्या नावाने बोंब! पुढे मोबाइल आले, आणि मी पडून राहिले. पाठीची शिलाई उसवली, तेव्हा ग्रंथपाल पुष्पलताबाईंनी तिथे खाकी कागद चिकटवला.

गावात पानवेलीची वाडी करणारे आत्माराम वाचनालयात नेमाने येत. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा एसटीने पालघरला डायलिसिसला जायचं, चार तास खाटेवर पडायचं. वाटेत वाचायला ते बारीकसं पुस्तक नेत आणि त्याच दिवशी संपवत. पुष्पलताबाईंनी एकदा मला पुढे केलं, तर ते म्हणाले, "नको. अर्धवट रायलेलं मागं ठेवून जायचं नाय मला."

सोबत त्यांची बायको मंदाताई होत्या. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच आल्या आणि कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक मागितलं. एवढं जड त्यांना पेलवेल का, असं बाईंनी विचारलं.

"मी धरीन," मंदाताई म्हणाल्या.

सातवीनंतर त्यांनी पोथीखेरीज काही वाचलं नव्हतं. एसटीत मला मांडीवर घेऊन, ओळीवर बोट ठेवून त्या अडखळत वाचू लागल्या. आत्माराम डोळे मिटून बसायचे, पण शब्द चुकला की तसेच डोळे मिटून दुरुस्त करायचे. वाचायचं ते फक्त गाडीत, घरी पान उघडायचं नाही, असा मंदाताईंचा नियम होता. चाळिसावं पान गेलं, शंभरावं गेलं. रस्त्यातल्या खड्ड्यांनी माझी हाडं खिळखिळी झाली. मी पार थकून गेले, पण तक्रार कोणाकडे करणार?

मग एका सकाळी आत्माराम अंथरुणातून उठायलाच तयार होईनात. जीव विटलाय, आता बास, यापुढे जाणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, खाडा केला तर जिवावर बेतेल. मुलाने, केतनने, बोईसरहून फोनवर नाना विनवण्या केल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मंदाताई रडल्या नाहीत. त्यांनी मला पिशवीत घातलं. "मी जाते. गाडीत बसून पुढचं वाचून येते. तुमी निजा."

आणि खरंच निघाल्या. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. एसटीचा थांबा घरासमोरच होता. तिथे त्या पिशवी छातीशी घट्ट धरून उभ्या राहिल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. वळणावर गाडी दिसली, आणि तेवढ्यात मागून चपला फरफटल्या. आत्माराम धापा टाकत, शर्टाची बटणं लावत आले होते.

"माझ्यावाचून वाचतेस होय गो?"

मंदाताईंना तेव्हा कुठे रडू फुटलं.

मित्रांनो, प्रवासाला पुस्तक नेताना जाडी पाहून घाबरू नका, आणि नेलंत तर त्याला बॅगेत कुजवू नका. माझी पानं आता गळायला लागली आहेत, खरं सांगायचं तर विश्रांती हवी आहे. तरी पुष्पलताबाईंना माझा एक निरोप द्या. मुदत उलटली तरी मला परत मागू नका. परवा पुन्हा पालघरला जायचंय, आणि अजून दोनशे ऐंशी पानं उरली आहेत.