डोक्यावरच्या तारांचा हेवा

मी एक जुना मॉनिटर आहे. बोटाला चिमटा, छातीवर चकत्या, आणि माझ्या काचेवर नाडी, श्वास व प्राणवायूचे आकडे. मी नवा होतो तेव्हा सगळा वॉर्ड माझ्या तोंडाकडे बघत असे. मग मेंदूचा आलेख काढणारा नवा गडी आला आणि मला कोपऱ्यातल्या कापडी पडद्याकडे सरकवण्यात आले. मित्रांनो, खोटे कशाला सांगू? माझा नुसता जळफळाट झाला.

एकदा एका लहान मुलीला आणले. घरचे तिला चिमणी म्हणत. तिची फीट बराच वेळ थांबली नव्हती. औषधाने अंग शांत झाले, माझे आकडेही चांगले होते.

"सुटलो बाबा! आता उठेल," तिचे वडील म्हणाले.

पण ती उठेना. डॉक्टर म्हणाले, "अंग थांबलंय, पण फीट आत चालू असू शकते." त्यांनी तिच्या डोक्यावर तारा चिकटवल्या. खरेच, त्या नव्याच्या काचेवर लाटाच लाटा; आत वादळ चालू होते. मला त्याचा पत्ताही नव्हता. आणखी औषध दिले, लाटा निवल्या, आणि सगळे त्या नव्याचेच गुण गाऊ लागले. मी मेलो की जिवंत, कोण विचारतो!

थोड्या वेळाने त्याच्या पडद्यावर पुन्हा ठेक्यात लाटा उठल्या.

"परत सुरू! सिस्टर, डोस भरा."

इकडे औषधाने चिमणीचा श्वास मंदावत होता. आणखी एक डोस तिला झेपला नसता. मी जिवाच्या आकांताने ओरडलो.

"आता याला काय झालं?" म्हणत डॉक्टर वैतागून माझ्या बाजूला आले आणि थबकले. आई पोरीला खांद्यावर थोपटत होती.

"ताई, हात काढा बरं."

हात थांबला. लाटाही थांबल्या. ती फीट नव्हतीच, थोपटण्याने तारा हलत होत्या.

"सवय हो, डॉक्टर. थोपटल्याशिवाय झोपत नाही ती."

"अहो, तिला झोपवायचं नाहीये, उठवायचंय!"

डोस बाजूला ठेवून त्यांनी प्राणवायू लावला. सकाळी चिमणीने डोळे उघडले. "आई, डोकं खाजतंय."

वडिलांनी हात जोडले ते त्या नव्यालाच! माझी आग आग झाली. ती अजून विझलेली नाही.

मित्रांनो, फीट थांबली म्हणून माणसाला एकटे सोडू नका. तो पुरता शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबा. त्या नव्याकडे बघा, जरूर बघा. पण अधूनमधून मान वळवून माझ्याकडेही बघत जा.