उतारावरचं गवत

माणिककाका आळशी असते तर बरं झालं असतं. पण तीस वर्षं वसाहतीत माळीकाम केलेला माणूस, हात स्वस्थ बसतील तर शपथ. तिथेच घात झाला.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी, शेवटच्या इमारतीमागे गवताचा एक उतार आहे. त्यात एक सरडा राहतो. अंग बोटभर, शेपटी त्याच्या दुप्पट, आणि डोळ्याची पापणी कधी लवत नाही. हा उतार सोडून त्याची जात दुसरीकडे कुणाला दिसलेली नाही. वसाहतीतल्या, प्राणिशास्त्र शिकणाऱ्या चेतनाला तो पहिल्यांदा दाखवला माणिककाकांनीच. पोरगी मग तीन वर्षं त्याच्यामागे उन्हातान्हात फिरली. आता तिथे पार्किंग होणार होतं. ते थांबवायचं तर परवानगी देणाऱ्या समितीच्या साहेबांनी सरडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवा होता.

"काका, गुरुवारी साहेब येतायत," चेतना म्हणाली. "एकदाच येणार. सगळं नीट पाहिजे हां."

"तू बिनधास्त राहा गं. मी आहे ना!"

आता तुम्हीच सांगा, साहेब येणार म्हटल्यावर माळ्याने काय करायचं? जन्मभर केलं तेच केलं. गवत काढलं, कडेने चुना मारला. उघड्यावर सरडा चटकन दिसेल, हाही हिशोब होताच. बुधवारी दिवसभर मशीन फिरवून कंबर मोडली, पण उतार कसा, नुकती हजामत केल्यासारखा झकास!

गुरुवारी चेतना चुन्याच्या रेघेपाशी येऊन थबकली.

"काका, हे काय केलंत?"

"का? साहेब येणार ना?"

तिचा चेहरा बघितला आणि काकांना कळलं. गवतच नाही, तर सरडा राहील कशाला! चार शिव्या घातल्या असत्या तरी त्यांनी ऐकून घेतल्या असत्या. पण ती खाली बसून रडायलाच लागली.

दोन साहेब तासभर फिरले. चेतनाने फोटो पुढे केले.

"फोटो ठेवा मॅडम. आम्हाला दिसला का? नाही ना? मग संपलं."

'आढळला नाही' असं लिहून त्यांनी सह्या ठोकल्या. जाताना थोरले साहेब काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जागा मात्र छान ठेवलीत हां." काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब गाडीत बसले, आणि कापलेल्या गवताच्या ढिगातून तो बाहेर आला. शेपटी अर्धी तुटलेली. चुन्याच्या रेघेवर येऊन उभा राहिला.

"साहेब! ओ साहेब!" काका दोन्ही हात हलवत गाडीमागे धावले.

सरडा बिचकून पळाला. इकडे गेला, तिकडे गेला, पण ढीग मागे राहिला होता आणि उघड्यावर लपायला काडी नव्हती. भिंतीवरचा कावळा उतरला आणि त्याला उचलून घेऊन गेला.

गाडी वळणावर जरा मंदावली. थोरल्या साहेबांनी काच खाली केली, हसून काकांकडे बघितलं आणि निरोपाचा हात हलवला.