नवाबची वीत

अदीबाने पाइपाला आरी लावली आणि लगेच उचलली. पाइप तिच्या अब्बांनी, नवाबने, बसवलेला होता आणि अब्बा मागेच खुर्चीवर हाताची घडी घालून बसले होते.

"काप ना," नवाब म्हणाला. "काऊन थांबली?"

"खूण पाहून राह्यली."

खूण बरोबर होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने कापायला घेतलं.

नवाब प्लंबरचं काम पुन्हा उघडावं लागत नाही, असं ब्रह्मपुरीत लोक म्हणायचे आणि नवाब ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. त्याची खरी शान म्हणजे गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो. नळाला पाणी दिवसाआड. मोटर लावून बाया कामात गुंतल्या की टाकी भरल्याचं कळावं कसं? नवाब पाइपाचं तोंड वीतभर उंच सोडायचा आणि खाली टिनाची पट्टी ठोकायचा. टाकी भरली की अशी तडतड व्हायची की कणकेचे हात तसेच घेऊन बाई मोटर बंद करायला धावायची. ही वीत तो टेपने कधी मोजत नसे. स्वतःचा पंजा ताणायचा, झालं. अदीबाची वीत त्याच्यापेक्षा दोन बोटं कमी भरते, यावरून तो तिला लहानपणापासून चिडवत आला होता.

तोच हात त्याने सोमाजी गुरुजींच्या अभ्यासिकेत माशांच्या टाकीला लावला. इथे अभ्यास करून वनरक्षक झालेल्या राजदीपने ती चार फुटी टाकी भेट दिली होती. वरचं पाणी पाइपाने खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत उतरायचं, तिथे गाळलं जायचं आणि मोटर ते परत वर चढवायची. नवाबने सवयीने पाइपाचं तोंड खालच्या पाण्याच्या वर वीतभर सोडलं. पाणी चालू आहे हे कळायला नको?

कळलं, सगळ्यांनाच कळलं. दिवसभर धोधो, आणि मधूनच घशात घास अडकल्यासारखी गुडगुड. भरतीची तयारी करणारी नूतन कानात कापूस घालून बसू लागली. मुलांनी अर्ज दिला. शुक्रवारी चारपर्यंत आवाज थांबला नाही तर टाकी दातांच्या डॉक्टरला दवाखान्यात ठेवायला देऊन टाकू, असं गुरुजींनी सांगून टाकलं. नवाबने दोनदा येऊन पाइपाला चिंध्या गुंडाळल्या. आवाज चिंध्यांतूनही आला. तिसऱ्या वेळी तो घरी जेवता जेवता एवढंच म्हणाला, "अदीबा, उद्या तू कर."

आयटीआय झाल्यापासून दोन वर्षं ती त्याच्या हाताखाली होती. तिचं स्वतःचं असं हे पहिलं काम, आणि त्यात बापाचंच काम उघडायचं. जमलं नाही तर नवाबचं काम बिघडलं ते बिघडलंच, हे संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं. जमलं तर अब्बांना काय वाटेल, हा विचार तिने रात्रीच बाजूला ठेवला होता.

"पानी अन् हवा एकाच पाइपातून उतरून राह्यले, अब्बा," कपाटात डोकं घालूनच ती म्हणाली. "जागेसाठी भांडतात. पाइप पान्यानंच भरून चालला, तर भांडायले कोनी राह्यत नाई."

नवाबने हूं केलं. तिने पाइपाला व्हॉल्व जोडला, खालचं टोक इंचभर पाण्याच्या आत नेलं. वरच्या टाकीला आणखी एक छिद्र होतं, नवाबने बूच मारून बंद केलेलं. ते उघडून तिने तिथे दुसरा पाइप बसवला, वरचं टोक पहिल्यापेक्षा बोटभर उंच. मग व्हॉल्व धरून बसली. जरा बंद, जरा उघडा. कितीतरी वेळ.

शेवटी हात पुसत ती बाहेर आली. पावणेचार झाले होते. नवाब उठला. तीन घरं सोडून कुणाची टाकी भरली हे झोपेतून सांगणारा माणूस तो.

"लाव ना मंग मोटर. गुरुजी येतीन आता."

"लावली हाय, अब्बा. वीस मिनिटं झाले."

नवाबने कपाटाशी कान नेला, मग पाइपावर तळवा ठेवला. पाइप गार होता, आतून पाणी चाललं होतं. त्याने हात लवकर काढला नाही. मागे नूतन पान उलटत होती. तिचा कापूस टेबलावर पडला होता.

सोमाजी गुरुजी आले, दारातच थबकले, टाकीजवळ येऊन पाण्यात हलणाऱ्या माशांकडे बघत राहिले.

"जमवलंच म्हना नवाबभाऊ. शेवटी तुमचा हात."

"माह्या हातचं ते गुडगुड करे," नवाब म्हणाला. आवाज चढला होता, अभ्यासिका आहे हे तो विसरला. दोन-चार माना वर झाल्या. "ते चुकलंच होतं माह्यं. हे माह्या पोरीनं केलं. सांगा सगळ्याइले."

अदीबाचे कान तापले. ती आरी पुसू लागली, पुसलेलीच परत पुसू लागली.

गुरुजी वाकून कपाटात बघत होते. "अन् हा दुसरा पाइप? हा तं कोरडाच हाय."

"तो कोरडाच राह्यला पायजे, गुरुजी," ती म्हणाली. "पयल्यात कचरा अडकला तरच त्यातून पानी येईन. फरशीवर येयाच्या आधी कळलं पायजे ना. म्हनून त्याचं खालचं तोंड पान्याच्या वर सोडलं. तो वाजन."

नवाब गुडघ्यावर बसला. दुसऱ्या पाइपाचं तोंड आणि खालचं पाणी यांच्यामध्ये त्याने पंजा ताणून धरला. अंगठा पाण्याला टेकला, करंगळी पाइपाला.

वीत त्याच्याच हाताची होती.