घड्याळजींनी मला उघडलं तेव्हा

मी बोलतेय, एका लॅपटॉपच्या पोटातली हार्ड डिस्क. माझी वाचा आता कायमची बसली आहे, पण सांगायचं राहून जाऊ नये म्हणून हा खटाटोप.

माझ्या आत चकचकीत तबकड्या असतात. त्या गरगर फिरतात आणि एक नाजूक दांडा त्यांना न टेकता वरूनच लिहितो, वाचतो. धुळीचा कणही मला सोसत नाही. म्हणून झाकणावर लिहिलेलं असतं, उघडू नये. असं काही वाचलं की माणसांचे हात शिवशिवतात, हे मला पुढे कळलं.

मी ज्या घरात आले ते घड्याळजींचं. पुढच्या खोलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे संसार. लॅपटॉप लेकीचा. तिच्या आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं आणि आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. आई पोटभर रडली, मग डोळे पुसून माझ्यासमोर बसली आणि पाळण्यातल्या नातीसाठी गोष्टी सांगू लागली. त्या मी तिच्या आवाजात जिवापाड जपल्या. त्या दुसरीकडे उतरवून ठेवायचं काम मात्र लेक उद्यावर ढकलत राहिली. ऑपरेशन झालं, आई बरी झाली, आवाज गेला तो गेलाच.

नात गोष्टी ऐकण्याजोगी झाली आणि नेमका घड्याळजींचा धक्का लागून चालू लॅपटॉप टेबलावरून पडला. मी टक टक वाजू लागले. अशा वेळी मला बंद करून गप्प बसावं, एवढंच औषध. पण घड्याळजींचा जन्म टकटक ऐकण्यात गेलेला. लेक बाहेर गेली होती. त्यांनी मला लॅपटॉपमधून काढून कानाशी धरलं.

"काटा अडकलाय," ते आईला म्हणाले. "आत्ता करून देतो."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, माझे स्क्रू काढले आणि सवयीने रबरी फुग्याने आत हवा मारली. घड्याळाला तेवढ्याने हुशारी येते. माझ्या आत मात्र धूळच धूळ झाली. वर त्यांनी मला जोडून चालू केलं, तेव्हा दांडा तबकडीवर खरखरत गेला आणि काही गोष्टी तिथेच पुसल्या गेल्या.

लेकीने बापाशी बोलणं टाकलं. आईने माझे स्क्रू वेचून रुमालात बांधले, त्याचं घड्याळजींना जास्त लागलं.

गेलेला डेटा काढून देणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे तिघं मला घेऊन गेली. मला कुणी उघडलं, असं त्यांनी विचारलं. लेक काही बोलायच्या आत घड्याळजी म्हणाले, "मी. घड्याळासारखंच असेल असं वाटलं."

बाई रागावल्या नाहीत. काचेच्या बंद पेटीत त्यांनी मला हळुवार पुसलं, माझ्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचा दांडा बसवला. ही फार तग धरणार नाही, मिळेल तेवढं घ्यायचं, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. मी जीव मुठीत धरून फिरले. मग थांबले ती कायमचीच.

पुष्कळ गोष्टी गेल्या होत्या. वाचलेल्यांपैकी पहिली बाईंनी तिघांसमोर लावली. एका तळ्याकाठी एक कासव राहायचं, असं आईचा आवाज सांगू लागला. तोच त्या आवाजाच्या मागे दुकानातले टोले पडायला लागले आणि आवाज गोष्ट सोडून म्हणाला,

"अहो, ती घड्याळं थांबवा ना. किती वेळा सांगायचं? पोरीने गोष्ट ऐकायची की तुमचे टोले?"

घड्याळजी ताडकन उठले आणि त्यांनी बाईंच्या भिंतीवरचं घड्याळ काढून घेतलं. मग भानावर आले. ते छातीशी धरून तसेच उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले. आईने घड्याळ परत अडकवलं, त्यांना बाही धरून खाली बसवलं आणि बाईंना खूण केली, पुन्हा लावा.

आता मी घड्याळजींच्या खणात, बंद पडलेल्या घड्याळांच्या सोबतीला असते. माझी तक्रार नाही. तुमच्या घरातला एखादा आवाज माझ्यासारख्या एकटीच्या जिवावर असेल, तर तो आजच दुसरीकडेही उतरवून ठेवा, एवढंच मागणं.

नात रोज गोष्ट ऐकते. तेवढा वेळ पुढच्या खोलीतलं एकही घड्याळ चालत नाही.