आधीच लिहून ठेवलं होतं

शाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी पालकसभा म्हणजे पुढच्या रांगेत चार डोकी आणि मागे रिकाम्या खुर्च्यांची पलटण. त्या शनिवारी मात्र लोक खिडकीच्या कट्ट्यांवर चढले होते, आणि पियानोच्या झाकणावर कुणीतरी बाळ बसवून दिलं होतं. समोर पडद्यावर पालकमंडळाच्या ॲपचा सूचनाफलक मोठा करून लावला होता. त्यावर एकच सूचना झळकत होती:

'जल आपली वाट सोडील. भिंत रडेल. परंतु एकाही बालकास इजा होणार नाही.'

वर तारीख होती गेल्या महिन्याची, आणि व्यायामशाळेतला पाइप फुटला होता काल दुपारी.

"गेल्या महिन्यात लिहिलंय हो! गेल्या महिन्यात!" खाऊच्या पाळ्या लावणाऱ्या मावशी ओरडल्या. त्यांच्या अंगावर खरोखरच काटा आला होता आणि बाही वर करून त्या तो शेजारच्यांना दाखवत होत्या.

खुर्चीवर काळदर्शी काका डोळे अर्धे मिटून बसले होते. चौथीतल्या जुळ्या मुलींचे हे काका. पूर्वी झेरॉक्स मशिनं विकायचे, आता काळाशी त्यांचं थेट बोलणं होतं. मांडीवर घडी घातलेली शाल आणि शालीखाली हात.

"मी लिहीत नाही," काका म्हणाले. "काळ लिहितो. माझा हात म्हणजे नुसती नळी."

"नळीच फुटली ना काल," मागून आवाज आला.

दोघेतिघे फिसकन हसले. मावशींनी मागे वळून डोळे वटारले. बोलणारी होती भूलताई.

भूलताई म्हणजे भूल देणारी डॉक्टर. शहरातल्या निम्म्या लोकांना तिने कधी ना कधी झोपवलं होतं आणि त्या सगळ्यांना परत उठवलंही होतं, म्हणून तिला मान होता. पालकमंडळाच्या कारभाराची माळ त्या वर्षी तिच्या गळ्यात पडली होती. आधी मंडळाचा एक गप्पांचा ग्रुप होता. त्यात गुलाबाची फुलं, हरवलेले मोजे आणि परीक्षेचं वेळापत्रक असं सगळं एकाच ढिगाऱ्यात पडायचं. ताईने ॲप आणलं. त्यात पाळ्या वेगळ्या, मतदान वेगळं आणि सूचनाफलक वेगळा, सगळं कसं शिस्तीत. आणि आता त्याच फलकावर भविष्य उगवू लागलं होतं. आपण हौसेने बांधलेल्या ओट्यावर दुसऱ्याने दुकान मांडावं, तसं तिला झालं होतं.

काकांचं दुकान चालतही जोरात होतं. मुख्याध्यापकांच्या गाडीचं चाक बसलं, की दुसऱ्या दिवशी फलकावर जुनी सूचना: 'प्रमुखाचे चक्र थांबेल.' दुसरीत कांजिण्या आल्या, की 'बालदेहांवर नक्षत्रे उगवतील.' लोक तारीख बघायचे आणि गार व्हायचे. मग हळूच काकांच्या पिशवीतल्या बाटल्यांकडे नजर जायची. कालतेल. डोक्याला लावा, गुडघ्याला लावा, कानात घाला.

कानात घालायचं कळलं तेव्हा ताई हसायची थांबली.

पावाच्या भट्टीवाल्याची मुलगी सात वर्षांची. तिला सगळे ढोलकी म्हणायचे, कारण ती बोलायची तेच ओरडून. पोर खोडकर आहे, लक्ष देत नाही, अशी वर्गात तक्रार होती. तपासल्यावर कळलं, की दोन्ही कानांत पडद्यामागे चिकट पाणी साठलंय आणि तिला निम्मं ऐकूच येत नाही. छोटंसं ऑपरेशन ठरलं होतं आणि भूल ताईच देणार होती.

सोमवारी ती पाव घ्यायला गेली, तर भट्टीवाला पीठ मळता मळता नजर चुकवू लागला.

"ताई, ते ऑपरेशन जरा राहू द्या म्हणतो."

"का हो दादा? ताप आलाय का तिला?"

"ताप नाही. काका म्हणाले, योग दिसत नाही. तेलानेच उतरेल म्हणाले."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"ऐकू नको तर काय करू? गेल्या आठवड्यात तिला सायकलने पाडलं. मागून घंटी वाजत होती, पोरीला पत्ताच नाही. गुडघे फुटले, बाकी वाचली. आणि दुसऱ्या दिवशी फलकावर बघतो तर..." त्याने पिठाचे हात तसेच ठेवून मान हलवली. "'एका कन्येस चाकापासून भय, परंतु रक्षण होईल.' तीन आठवडे आधीची तारीख, ताई. माझ्या पोरीचं लिहून ठेवलं होतं त्यांनी."

"बाबाऽऽ, ताई काय म्हणतेय?" ढोलकी आतून ओरडली.

"काही नाही गं!" बापही ओरडला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "एकुलती एक आहे. तिला सुईने झोपवायचं म्हटलं की ती परत उठेल ना, हेच डोक्यात फिरतं. कुणीतरी नको म्हणालं, तर बरंच वाटतं हो."

ताई पाव घेऊन निघाली. माणूस मूर्ख नव्हता, घाबरलेला होता. पण पाणी तसंच राहिलं तर पुढच्या वेळी मागून सायकलच येईल याची काय खात्री?

उलगडा झाला तो भलत्याच गोष्टीतून. मंगळवारी दोन ऑपरेशनांच्या मध्ये रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये बसून ताईने हॉलच्या साफसफाईची एक सूचना फलकावर टाकली. ती तिने पंधरवड्यापूर्वीच अर्धवट लिहून 'फक्त मला दिसेल' असं करून ठेवली होती आणि मग विसरली होती. आता पुरी केली, सगळ्यांना खुली केली आणि कॉफी ओठाला लावली, तोच मावशींचा फोन.

"अगं, ही सूचना पंधरा दिवसांपूर्वी टाकलीस म्हणतेस? मी रोज फलक बघते. मला कशी दिसली नाही?"

"मावशी, मी आत्ता टाकली."

"मग वर तारीख जुनी कशी?"

ताईने कप खाली ठेवला. तिने ॲप उघडलं. खरंच की! सूचना लपवून ठेवली, नंतर हवी तशी बदलली आणि कधीही उघडली, तरी वर तारीख राहते ती पहिल्यांदा लिहायला घेतल्याची.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही फार मोठा शोध लावलात."

"मी? मी काय केलं बाई?"

पुढच्या शनिवारी हॉल पुन्हा तुडुंब भरला. काकांना मंडळाचं तहहयात अध्यक्ष करायचा ठराव होता. भट्टीवाला लेकीला घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. ताई उभी राहिली.

"ठराव करू. त्याआधी एक सांगायचं होतं. या आठवड्यात मलाही थोडं दिसायला लागलंय."

काकांनी अर्धे मिटलेले डोळे पुरते उघडले.

"ढोलकी, एक प्राणी सांग. कुठलाही," ताई तिच्या कानाशी वाकून म्हणाली.

"पाणघोडाऽऽ!" खिडक्यांच्या काचा हादरल्या.

ताईने मावशींची शाल मागून घेतली, मांडीवर पसरली, हात आत घातले आणि डोळे मिटून घुमायला लागली. "काळा, ये रे... नळी मोकळी आहे रे..." थोड्या वेळाने पडद्यावर सूचना उमटली: 'सभेत पाणघोडा प्रकट होईल.' तारीख मंगळवारची!

"अगं बाई!" मावशी उठल्या त्या थेट ताईच्या पायांशी. "तुलाही सिद्धी?"

"उठा मावशी, सिद्धी नाही. मला फक्त बटण सापडलंय." तिने शाल बाजूला केली. आत मोबाइल होता. मग तिने तो पडद्याला जोडला आणि सावकाश सगळं करून दाखवलं. मंगळवारी लिहिलेली कोरी सूचना ही अशी लपवून ठेवली. आत्ता त्यात पाणघोडा भरला आणि उघडली. तारीख मंगळवारचीच राहिली. "आज एक कोरी सूचना लपवून ठेवा, पुढच्या महिन्यात तुम्हीही काळदर्शी. घडून गेलं की भरायचं, एवढंच."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"हा काळाचा अपमान आहे," काका गरजले. "यंत्राची युक्ती वेगळी आणि दृष्टी वेगळी!"

"मान्य," ताई म्हणाली. "मग उद्याचं भविष्य आत्ता टाका, सगळ्यांना दिसेल असं. किंवा तुमचाही मोबाइल पडद्याला जोडा. कोऱ्या सूचना किती शिल्लक आहेत ते बघू."

"काळाला तार जोडता येत नाही. आणि... चार्जिंगही संपलंय."

पहिला हशा तिथे पिकला. तरी काही चेहरे अजून डळमळत होते. वर्षानुवर्षं भाविक असलेला माणूस एका बटणाने थोडाच हलतो? तेवढ्यात ढोलकी खुर्चीवर उभी राहिली. तिला अर्धंच ऐकू आलं होतं, पण जे कळलं होतं ते तिला पुरेसं होतं.

"काकाऽऽ! मला सायकल धडकणार, हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

काका शालीची घडी नीट करू लागले.

"मग मला सांगितलं का नाही? मला लागलं ना!"

तिने फ्रॉक वर धरून खपली धरलेले गुडघे दाखवले. कुणी हसलं नाही. भट्टीवाला लेकीकडे बघत राहिला, मग काकांकडे. एवढी साधी गोष्ट बाप असून आपल्याला सुचली नाही, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तो उठला, खिशातून तेलाची बाटली काढली आणि काकांच्या शालीवर ठेवली.

"माहीत असून गप्प बसलात, तर माणूस म्हणून वाईट," तो म्हणाला. "आणि माहीत नव्हतं, तर खोटारडे. यातलं काय ते तुम्हीच सांगा."

काका शाल झटकून निघाले ते जुळ्या मुलींना हॉलमध्येच विसरून. अर्ध्या वाटेवरून परत आले, मुलींना घेतलं आणि पुन्हा निघाले. हे मात्र त्यांच्या फलकावर आधी कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पालकांनी ॲपवर धुमाकूळ घातला. 'मी उद्या उशिरा उठेन', 'आमच्याकडे उद्या कुणी भांडी घासणार नाही', सगळ्या सूचना कालच्या तारखेच्या. मावशींनी तर स्वतःच्या वाढदिवसाचं भविष्य लिहिलं. आठवडाभर ताईने हसू दिलं, मग मंडळाच्या मतदानाने ती लपवायची सोय बंद करून टाकली.

ऑपरेशनच्या सकाळी भट्टीवाला रुग्णालयाच्या दारात उभा होता. अंगाला पावाचा वास, आणि बाह्यांवर पीठ तसंच.

"ताई, सगळं नीट होईल ना? एकदा होईल म्हणा."

'होईल' म्हणणं सोपं होतं. त्याला तेवढंच हवं होतं. ताई त्याच्या शेजारी बाकावर बसली.

"दादा, पुढचं मला दिसत नाही. हे ऑपरेशन आम्ही पुष्कळ मुलांचं केलंय आणि जवळजवळ सगळी संध्याकाळी घरी गेलीत. काय काय बिघडू शकतं, ते मी तुम्हाला सांगते. तसं झालं तर आम्ही काय करणार, तेही सांगते. आणि ती जागी होईपर्यंत मी तिच्या उशाशीच असेन."

तिने सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकलं, दोन प्रश्न विचारले, पुन्हा एक विचारला. मग म्हणाला, "घेऊन जा तिला."

ढोलकी संध्याकाळी घरी गेली. आता ती खालच्या आवाजात बोलते, आणि वर्गात मागच्या बाकावर काय कुजबुज चालते तेही तिला ऐकू येतं. त्यामुळे बाईंची तक्रार आहे ती आहेच.

तुमच्याही गावात, गल्लीत, मोबाइलमध्ये असा कुणी काळदर्शी भेटेल. तारीख दाखवेल, शिक्का दाखवेल, साक्षीदार उभे करील. त्याच्याशी वाद घालत बसू नका. आधी लिहिलं होतं का, असंही विचारू नका, लिहिलेलं तो दाखवेलच. आम्हाला आधी का दाखवलं नाही, एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका. विचारायला विद्वान व्हावं लागत नाही. सात वर्षांच्या पोरीला ते जमलं, अर्धं ऐकू येत असताना.