उपाशीपोटीचा नमुना

सोनीआत्याला शौचावाटे दीड महिना रक्त जात होतं. हे तिनं फक्त मला, तिच्या भाचीला, फोनवर कुजबुजत सांगितलं. पुण्याला तपासायला चल म्हटलं, तर तिचा एकच हेका. "आरती, तू रक्तातनं आतड्याचा कॅन्सर शोधतीस ना? आहुप्यात येशील तवा माझंबी घे."

चूक माझीच. घरभर मीच मिरवलं होतं. आमची प्रयोगशाळा आजाऱ्यांचं रक्त निरोग्यांच्या रक्ताशी ताडून पाहते, चयापचयाच्या काही खुणा वेगळ्या दिसतात का ते शोधते. शोधते, एवढंच.

निरोग्यांचे चाळीस नमुने घ्यायला मी आत्याच्या गावी, आहुप्यात गेले. रात्रीपासून कुणी काही खायचं नाही, असं चारदा बजावलं होतं. सकाळी नमुने घ्यायला गावच्या शाळेत पोचते, तर बाप्यांच्या मिशांना आंबील. रक्त द्यायचं म्हणजे अंगातली ताकद जाणार, मग माणसं उपाशी कशी पाठवायची? म्हणून आत्यानं पहाटेच हंडाभर नाचणीची आंबील करून अख्ख्या वाडीला पाजली होती. वर गुळाचा चहा. खाल्ल्यावरचं रक्त आमच्या काही कामाचं नाही. मी अशी तडकले की वाडीतला भागूमामा तोंड पुसत मागच्या दारानं सटकला.

आत्या मात्र समोर बसून बाही वर करत होती. "म्या पाण्याचा घोटबी घेतला न्हाई. माझं घे, अन् काय ते सांग."

माझा राग तिथंच विरला. गावाला पोटभर घालून ही बाई एकटी उपाशी राहिली होती, माझ्या शब्दावर.

"आत्या, या रक्तातनं तुझं काही कळणार नाही. आम्हाला अजून सापडलेलंच नाही गं. पुण्याला आतड्यात दुर्बीण घालूनच बघावं लागेल."

"एवढी वरसं शोधताय, अन् सापडलं न्हाई?"

"नाही."

"मंग घेच. तुमच्या शोधाला लागंल. दुर्बिणीला येते मी, आजच्याच एसटीनं."

मी रक्त घेतलं. प्रयोगशाळेच्या बर्फाच्या पेटीत दोन कप्पे होते, एक निरोग्यांचा, एक आजाऱ्यांचा. नळी कुठल्या कप्प्यात ठेवावी ते मला ठरवेना. माझा फार जीव आहे या बाईवर.

"निरोग्यांच्यात ठेव," आत्या म्हणाली. "चुकलं तर मागनं बदल."