शेणतळ्याचं विरजण

नऊ दिवस झाले तरी शेणतळं काही जिवंत होईना.

चाळीस गाईंचा गोठा धुतलेलं पाणी त्या तळ्यात साठायचं आणि गेली तीन वर्षं ते ताईच सांभाळत होती. मळीच्या पाण्यात जिवाणू वाढवायचे आणि तळ्यात सोडायचे. त्याला ती विरजण म्हणायची. विरजण लागलं की वास बसायचा, पाणी निवळायचं. आता मात्र ड्रमामागून ड्रम ओतले तरी तळं ढिम्म. एक बुडबुडा नाही. वास असा, की पलीकडच्या वस्तीतले लोक खिडक्या लावून जेवत. पाणी खात्याचे साहेब दारावर नोटीस डकवून गेले होते. शुक्रवारी तपासणी, सुधारणा नसेल तर गोठ्याला सील.

बुधवारी सकाळी ताई गोठ्यातून तळ्याकडे जाणाऱ्या नाल्यात हात घालून गाळ काढत होती, तर खालचं सिमेंट निळंशार झालेलं. ती तशीच, कोपरापर्यंत बरबटलेली, धाकट्या भावासमोर जाऊन उभी राहिली.

"नाल्यात मोरचूद कुणी सोडलं?"

धारेचं मशीन पुसणारा त्याचा हात थांबला नाही. "खुरं सडत होती, ताई. लंगडायला लागल्या होत्या. खुरं बुडवायच्या टाकीत घातलं आणि टाकी नाल्यात रिकामी केली. तीनदा."

"आणि नऊ दिवस मी ड्रम ओततेय ते बघत राहिलास?"

"सांगायला तोंड नव्हतं."

मोरचूद म्हणजे जिवाणूंचा काळ. शिवाय ते जात नाही, तळाच्या गाळात बसून राहतं. म्हणजे इतके दिवस ती विषाला विरजण लावत होती. त्या तळ्यात आता काही लागणार नव्हतं, विरजणाला नवी जागा हवी होती.

दुपारपर्यंत दोघांनी चारा साठवायचा रिकामा सिमेंटचा खड्डा झाडून घेतला, नाल्यातला निळा गाळ खरवडून काढला आणि नाला तिकडे वळवला. आता हवं होतं तयार, जिवंत विरजण. ते एकाच माणसाकडे होतं, टेकडीपलीकडच्या डुक्करवाल्या काकांकडे. आणि गेल्या वर्षी भर बैठकीत ताईने त्यांच्या तळ्याला गटार म्हटलं होतं.

काका फाटकातच आडवे उभे राहिले. "गटारातलं पाणी चालेल तुला?"

"चालेल. पाया पडते, काका."

"पायांना हात नको लावूस, बघ किती बरबटलेत." त्यांनी फाटक उघडलं. "किती ड्रम?"

शुक्रवारी साहेब आले तेव्हा खड्ड्याच्या कडेकडेने बारीक फेस धरला होता. त्यांनी काठीने ढवळून वास घेतला.

"हे लागलंय. पण हा खड्डा किती गाईंचं झेलेल?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. "सोळा," ती म्हणाली.

"मग सोळाच ठेवा."

चोवीस गाई जायच्या होत्या. कुठल्या, ते ठरवायला भाऊ तयार होईना, म्हणून तेही ताईच्याच गळ्यात पडलं. शेवटी गाई विकत घेणाऱ्यानेच तो प्रश्न सोडवला. लंगड्या त्याने नाकारल्या, धडधाकट तेवढ्या ट्रकमध्ये चढवल्या. भाऊ ट्रकमागे फाटकापर्यंत चालत गेला आणि परत येऊन रिकाम्या दावणीशी उभा राहिला.

"मोठं तळं कधी सुधारेल, ताई?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "सुधारेल की नाही, तेही माहीत नाही." मग तिने काठी उचलली आणि खड्डा ढवळायला गेली.